‘कुठून तपासले’ हा रकाना

अहवालाच्या तिसऱ्या रकान्यात मी खोटं लिहिलं होतं. हे आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्या मोटरसायकलवर मागे बसून वर्षानुवर्षं डोंगर पालथे घातले त्या जोडीदाराला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच.

संपादकांनी मागितलं होतं ते वेगळंच. म्हणाले, भोर-वेल्ह्यात तुम्ही इतकी वर्षं नेटची कामं केलीत, गमतीजमती असतील, दिवाळीसाठी लिहा. गमती आहेत, एखादी सांगतोही. पण तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा त्या रकान्यापाशीच येऊन थांबलो. म्हणून यंदा तेच लिहितो. नीट जमेल असं वाटत नाही, कारण त्या प्रकरणातल्या काही गोष्टी मला स्वतःलाच अजून उमगलेल्या नाहीत.

आधी धंदा काय ते सांगतो. लोकांना वाटतं नेट असतं किंवा नसतं. बटण दाबलं, दिवा लागला, तसं. तसं नाही. तुमचा कॉम्प्युटर लांबच्या कॉम्प्युटरकडे काही पाठवतो तेव्हा नुसता पत्ता पुरत नाही. तहसील कचेरी डोळ्यांसमोर आणा. कचेरी सापडली म्हणजे काम झालं का? उताऱ्याची खिडकी वेगळी, रेशनकार्डाची वेगळी, दाखल्यांची वेगळी. तसंच त्या लांबच्या कॉम्प्युटरला हजारो खिडक्या असतात आणि प्रत्येकीला नंबर. आमच्यात तिला पोर्ट म्हणतात. आपण रोज वेबसाइटी बघतो ती बहुतेक वेळा चारशे त्रेचाळीस नंबरची खिडकी. ती उघडी असली म्हणजे बाकीच्याही उघड्या असतात असं मुळीच नाही.

मग कुठली उघडी, कुठली बंद, हे कसं कळायचं? त्याला एक छोटासा प्रोग्राम असतो. काळी चौकट येते. पत्ता लिहायचा, नंबर लिहायचा, एंटर मारायचं. तो जाऊन त्या खिडकीवर टकटक करतो. आम्ही ‘ठोकून बघणं’ म्हणायचो. उत्तर तीन तऱ्हेचं येतं. एक, ‘ओपन’, म्हणजे आत माणूस बसलाय. दुसरं, कुणीतरी तोंडावर सांगतं की हितं हे काम होत न्हाई, जावा. आणि तिसरं म्हणजे काहीच नाही. ना होय ना नको. चौकट नुसती वाट बघत राहते आणि वेळ संपली म्हणून सांगते. या धंद्यात दुसऱ्या उत्तराला कुणी भीत नाही. तिसरं आलं की डोकं धरायचं, कारण टकटक वाटेत कुणी गिळली हे शोधायचं असतं, आणि वाटेत दहा जण असतात.

आता ती गंमत. भोरच्या बाजारपेठेत एक कापडवाले शेटजी आहेत. मुलगी पुण्यात दिलेली. शेटजींची इच्छा अशी की मुलीकडे गेलं तरी तिथून मोबाईलवर दुकानातला कॅमेरा दिसावा. मी दुकानात बसून सगळं जोडलं, खिडकी ठोकून बघितली, ओपन. शेटजी पुण्याला गेले. फोन आला, काळं दिसतंय. मी पुन्हा दुकानात गेलो, ठोकली, ओपन. तसं सांगितलं. पुन्हा फोन, काळंच. असं तीनदा झाल्यावर शेटजी म्हणाले, “अहो, तुम्ही दुकानाच्या आत उभं राहून दुकान उघडं आहे म्हणताय. मी रस्त्यावर उभा आहे. मला शटर दिसतंय!”

कोर्समध्ये जे कुणी शिकवलं नव्हतं ते कापड मोजणाऱ्या माणसानं एका वाक्यात शिकवलं. कुठली खिडकी ठोकली याला अर्थ नाही, कुठून ठोकली ते आधी सांगायचं. तेव्हापासून नव्या माणसाला मी पहिलं हेच विचारायचो, “ओपन आलं हे कळलं, पण तू बसला होतास कुठं?” आमच्या एजन्सीचा तपासणीचा छापील कागद होता. त्यात पत्ता, नंबर आणि निकाल एवढंच असायचं. पुण्याच्या मॅनेजरांच्या मागे लागून मीच त्यात निकालाच्या आधी आणखी एक रकाना घालायला लावला. ‘कुठून तपासले’. तो तिसरा. म्हणजे ज्या रकान्यात मी खोटं लिहिलं तो माझ्याच सांगण्यावरून छापलेला होता.

पण कागद पुण्यात छापतात आणि कामं वेल्ह्यात होतात. आमच्या डोंगरात रेंज गावात नसते, गावाबाहेर असते. प्रत्येक गावाचा एक रेंजचा दगड असतो. कुठं खिंडीत, कुठं देवळाच्या मागच्या चौथऱ्यावर. लग्न ठरल्याचा फोन तिथून, गॅसचा नंबर तिथून. आम्हा नेटवाल्यांनाही तीच सवय लागली. केंद्रात लाईन नीट चालेना की लॅपटॉप घेऊन रेंजच्या जागी जायचं, मोबाईलचं नेट जोडायचं आणि काम उरकायचं. कागदावर मात्र केंद्राचं नाव. ‘खिंडीतला दगड’ असं कोण लिहिणार? सगळेच तसं लिहायचे. मीही लिहायचो, आणि पुष्कळदा त्यानं काही बिघडायचं नाही.

वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या मागच्या अंगाला एक गाव आहे. नाव घेत नाही. तिथं आमच्या एजन्सीचं सेवा केंद्र होतं आणि ते रंजना चालवायची. बौद्धवाडीतली. बारावी झाल्यावर वेल्ह्याला एसटीनं ये-जा करून कॉम्प्युटरचा कोर्स केलेला, लग्नानंतर सासरच्या गावात हे केंद्र मिळवलेलं. गावात कॉम्प्युटरला हात लावणारी पहिली बाई ती. मशीन बसवायला मीच गेलो होतो. तिनं कीबोर्डवर रुमाल झाकून ठेवलेला. मी म्हणालो, “ताई, धुळीनं काही होत नाही याला.” ती म्हणाली, “धुळीचं न्हाई ओ दादा, लोकं बघत्यात. नीट दिसाया पायजे.”

तीन-चार वर्षं तिनं ते सुरेख चालवलं. उतारे, फॉर्म, परीक्षांचे अर्ज. मग एका नोव्हेंबरात तिला नवं काम दिलं, हयातीचे दाखले. या पट्ट्यातली पुष्कळ माणसं मुंबईत गिरण्यांत नोकऱ्या करून परतलेली. त्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे कळवावं लागतं, तर पेन्शन चालू राहते. पूर्वी त्यासाठी लांब जावं लागायचं. आता गावातच मशीनवर अंगठा ठेवायचा, चिठ्ठी घ्यायची, घरी जायचं. त्यासाठी एजन्सीनं वेगळा प्रोग्राम दिला होता आणि तो वेबसाइटच्या खिडकीतून जायचा नाही. त्याची खिडकी आठ हजार चारशे त्रेचाळीस.

त्या प्रोग्राममध्ये एक खोड होती. नोंद पुढं गेली नाही तरी तो चिठ्ठी छापायचा, आणि नोंद पोटात ठेवायचा, जमेल तेव्हा पाठवू म्हणून. रंजनानं महिनाभर म्हाताऱ्यांना हात धरून खुर्चीवर बसवलं, अंगठे पुसून ठेवले, चिठ्ठ्या दिल्या. प्रत्येकाचं नाव, दिवस आणि वेळ वहीत लिहिली. सगळे खुशीत परतले. पुढच्या महिन्यात एकेकाची पेन्शन थांबायला लागली.

सोनबा आबा म्हणून एक ऐंशीच्या घरातले गृहस्थ होते. ते पंचायतीत येऊन म्हणाले, “म्या हितं हाय. च्या पितोय. आन् मोबाईल म्हनतोय सोनबाची खबर न्हाई. आता म्या मेलो का मोबाईल मेला, येवढं सांगा.” लोक हसले. हसणं फार टिकलं नाही.

रंजना रेंजच्या दगडावरून मला फोन करत होती. “दादा, यादीत सगळ्या नावांम्होरं ‘प्रलंबित’ येतंय.” मी विचारायचो, नेट चालतंय का? ती म्हणायची, चालतंय, साइट उघडतीय. मग मी म्हणायचो, मशीन बंद करून चालू करा. तिनं किती वेळा बंद करून चालू केलं असेल देव जाणे. मलाही कळत नव्हतं. साइट उघडते म्हणजे लाईन आहे. लाईन आहे तर नोंद का जात नाही? दुसऱ्या केंद्रांच्या जात होत्या. पुण्याहून मॅनेजर म्हणत होते की सर्व्हर ठणठणीत आहे, तुझ्याच भागातून तक्रार का? मग त्यांनी फर्मावलं, आज चारच्या आत तपासणीचा कागद पाहिजे.

मी निघालो. वेल्ह्याच्या पुढं मोरीचं काम काढलं होतं, रस्ता उकरलेला. गाडी पलीकडे जाणार नव्हती. चालत तासभर. पाऊस नव्हता, ऊन सोसणारं होतं, पाय धड होते. मला चालायचा कंटाळा आला. एवढंच कारण. हे वाक्य लिहायला इतकी वर्षं लागली.

मागं फिरून वेल्ह्याच्या बाजारात हॉटेलात बसलो, लॅपटॉप उघडला, माझ्या मोबाईलचं नेट जोडलं आणि खिडकी ठोकली. ओपन. हिरव्या अक्षरांत. पुन्हा ठोकली, ओपन. मनातून आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू? कागद भरला. पत्ता बरोबर, नंबर बरोबर, निकाल बरोबर. ‘कुठून तपासले’, तिथं रंजनाच्या केंद्राचं नाव लिहिलं आणि फोटो काढून पाठवून दिला.

त्या वेळी मला ठाऊक होतं का? म्हणजे, शेटजींचं शटर आठवलं होतं का? हे मी स्वतःला शेकडो वेळा विचारलंय. कधी वाटतं, आठवलं होतं आणि मी दाबलं. कधी वाटतं, छे, सवयीनं हात चालला, डोकं चहात होतं. दोन्ही खरं वाटतं. यातलं एक तरी खोटं असलं पाहिजे, पण कुठलं ते मला सांगता येत नाही.

आठवड्यानं मॅनेजरांचं पत्र आलं. केंद्र काढून वेल्ह्याच्या बाजारातल्या दुसऱ्या माणसाला द्यायचं ठरलं. तोवर मोरी झाली होती. मशीन उतरवून आणायला मला पाठवलं. पंचायतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये माणसं जमली होती. तिथल्या एका सदस्यानं पत्र मोठ्यानं वाचलं, ‘केंद्रावरून तपासणी केली असता जोडणी सुरळीत आढळली. सबब दोष चालकाच्या हाताळणीचा आहे.’

‘केंद्रावरून’ हा शब्द माझ्या रकान्यातून उचललेला होता.

मागून कुणी तरी म्हणालं, “आमी तवाच म्हनलं हुतं. ह्ये काय हिचं काम हाय व्हय?”

दुसरा म्हणाला, “येकेकाला खुर्चीत बसवायचं म्हंजी काय, लगीच सायेब झाल्यावानी!”

ज्यांना ती खुर्चीत बसलेली बघवत नव्हती, त्यांना माझा कागद आयता सापडला. तिच्या आळीतल्या बाया दाराशीच उभ्या होत्या, आत आल्या नाहीत.

सोनबा आबा काठी टेकत तिच्यासमोर गेले. रागावले नव्हते. खरंच विचारत होते. “पोरी, माजा आंगठा कुठं ठिवलास गं?”

“आबा, म्या धाडला ओ. चिठ्ठी दिलीया की तुमास्नी.”

“चिठ्ठी हाय. आंगठा पोचला न्हाई.”

मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही. “दादा, तुमी कवा आलता बघाया? म्या तर रोज हितंच असते.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा बोलायचं होतं. वेल्ह्यात बसून ठोकली, केंद्रातून नाही, एवढी दोन वाक्यं. मी म्हणालो, “ते लांबूनही बघता येतं, ताई.”

ती मान हलवून म्हणाली, “मंग दिसलं आसंल तुमास्नी.”

माझ्यावर विश्वास ठेवला तिनं.

ती घरून राहिलेली कागदपत्रं आणायला गेली. शेडला लागूनच असलेल्या केंद्रात मी एकटा. वायरी काढायच्या आधी सहज, किंवा सहज नसेलही, तिच्या मशीनवर ती काळी चौकट उघडली. चारशे त्रेचाळीस ठोकली. ओपन. आठ हजार चारशे त्रेचाळीस ठोकली. काही नाही. चौकट वाट बघत राहिली, वेळ संपली. पुन्हा तेच. मोबाईल इथं चालत नव्हता, पण लाईन चालत होती, साइट उघडत होती, आणि ही एक टकटक खोलीबाहेरच जात नव्हती.

राउटर उघडला. राउटर म्हणजे भिंतीवरचा तो दिवेवाला डबा, ज्यातून सगळं आतबाहेर होतं. आत नियमांची यादी होती: वेबसाइटची खिडकी सोडून सगळ्या बाहेर जाणाऱ्या बंद. वरती नियमाला दिलेलं नाव वाचलं. आंबवड्याच्या एका शाळेचं होतं. तिथल्या मुलांनी नको ते उघडू नये म्हणून मी ही यादी केली होती. आणि रंजनाच्या केंद्राचा डबा बसवताना एक तास वाचावा म्हणून तीच उचलून इथं चिकटवली होती. चार वर्षं कुणाला पत्ता नव्हता, कारण चार वर्षं दुसऱ्या खिडकीची गरजच पडली नव्हती.

म्हणजे टकटक गिळणारा वाटेतला माणूस मीच होतो.

यानंतर जे केलं ते बरोबर की चूक, मला आजही ठरवता येत नाही. मी तो नियम काढला. दुसरा धंदेवाला माणूस काय करील? बिघाड दिसला, काढला. आणि पडद्यावर एकेक नाव हिरवं व्हायला लागलं. सोनबा आबा गेले. त्यांच्यामागं दुसरे, तिसरे. रंजनाची वही टेबलावरच होती, मी जुळवून बघितली. एक नाव कमी नाही, एक वेळ चुकीची नाही.

बाहेर येऊन म्हणालो, “नोंदी गेल्या सगळ्या.”

शेडमध्ये गलका झाला. आणि त्यातून एक आवाज आला, “बगा! हिच्या हातनं काढली मशीन आन् झालं का न्हाई काम? येका तासात!”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. देवाशप्पथ आलं नव्हतं. मी दुरुस्ती केली आणि ती दुरुस्तीच तिच्याविरुद्धचा पुरावा झाली. आधी कागद होता, आता सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट होती. तेवढ्यात ती कागदपत्रं घेऊन आली. कुणीतरी तिला हसत सांगितलं. तिनं विचारलं, “गेल्या? सगळ्या?” आणि तिचा चेहरा खुलला. म्हाताऱ्यांचं काम झालं म्हणून खुलला. मग हळूहळू तिला त्याचा दुसरा अर्थ कळत गेला, तेही मी समोर उभं राहून बघितलं.

वेल्ह्याच्या रेंजमध्ये परतल्यावर मॅनेजरांचा फोन आला, काय केलंस? म्हणालो, काही नाही, रिस्टार्ट केलं.

त्यानंतर त्या गावात कधी गेलो नाही. तिकडचं काम निघालं की जोडीदाराला पाठवायचो, गुडघ्याचं निमित्त सांगायचो. म्हातारे आता अंगठ्यासाठी एसटीनं वेल्ह्याला येतात. सोनबा आबा गेले, असं ऐकलं. या वेळी खरोखरचे.

गेल्या वर्षी भोरच्या एसटी स्टँडवर रंजना भेटली. मी तोंड फिरवणार तोवर तिनंच हाक मारली. शेताच्या कामाला जाते म्हणाली. थोरली मुलगी अकरावीला आहे, कॉम्प्युटरचा कोर्स करायचा म्हणून मागं लागलीय.

“मग करू द्या की,” मी म्हणालो.

“नगं वाटतंय, दादा.” ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. “येक इचारू का? तुमी जाणकार. म्या नेमकं काय चुकले हुते? लई इचार केला. रोज राती... कुठलं बटान दाबायचं ऱ्हायलं, काय उलटं दाबलं, काय बी उमगंना. ते कळलं असतं तर पोरीला सांगितलं असतं, ह्ये तेवढं करू नगं.”

उत्तर माझ्याकडे तयार होतं. काहीही नाही. तू काहीही चुकली नाहीस. तीन-चार शब्दांचं काम. मी म्हणालो, “मशीनचं काही सांगता येत नाही, ताई.”

तिची गाडी लागली. ती चढली, खिडकीतून हात केला.

मी का नाही बोललो? नोकरीचं भय म्हणावं तर ती मी कधीच सोडलीय, आता स्वतःचं छोटं दुकान आहे. मॅनेजरही बदलले. बोलल्यानं माझं काय जाणार होतं, याचा हिशोब घातला तर काहीच हाती लागत नाही. तरीही तोंड उघडलं नाही. हजारो खिडक्या ठोकल्या, कुठली का बंद आहे ते शोधून काढलं, आणि स्वतःपुरतं मला आजतागायत शोधता आलेलं नाही.

हा लेख म्हणजे ते बोलणं नव्हे. ती दिवाळी अंक वाचत नाही, आणि गावाचं नाव मी इथंही लपवलंच आहे.

मी तिचं देणं लागतो ते असं. त्या गावात जायचं. ज्या माणसांसमोर पत्र वाचलं गेलं त्यांच्यातली जी उरली आहेत त्यांना बोलवायचं. तिला आणि तिच्या मुलीला पुढं बसवायचं. आणि उभं राहून सांगायचं की मी त्या दिवशी केंद्रात आलोच नव्हतो, खिडकी मीच बंद केली होती, आणि रंजना काहीही चुकली नव्हती. यातलं काहीही मी अजून केलेलं नाही.